मे महिन्यातली आई

फोन शेजारच्या काकूंकडे आला. कल्याणला आमच्या चाळीत तेवढा एकच फोन. काकूंनी खिडकीतून हाक मारली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत बसले होते. रिसीव्हर कानाला लावला, तर पलीकडे माझा धाकटा भाऊ नितीन नुसताच श्वास घेत होता. मागे यंत्रमागांची, लूमची खडखड. मग म्हणाला, "ताई, तू ये." मी विचारलं, काय झालं? तर पुन्हा तेच, "तू ये ना." भिवंडीत, माझ्या माहेरी, रस्त्यावरच्या फोनवर कुणी हळू बोलत नाही, लूमच्या आवाजात ओरडावंच लागतं. नितीन हळू बोलत होता, आणि तरी मला प्रत्येक शब्द ऐकू आला. पोरीला कडेवर घेऊन मी एसटीत बसले, पण वाटेत कुणाला काही विचारायची हिंमत झाली नाही. घरी पोचले तेव्हा आईला जमिनीवर घेतलं होतं. सकाळी कणीक मळता मळता ती खाली बसली आणि तशीच कलंडली, असं शेजारी म्हणाले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती तिची.

आता सात आठवडे झाले. भेटायला येणारे सगळे एकच सांगतात, मौसी, म्हणजे आई, फार धीराची बाई. त्यांचं खोटं नाही. चाळीस-पंचेचाळीस लूम कामगारांचं दोन वेळचं जेवण वीस वर्षं एकटीच्या बळावर करणारी बाई धीराचीच म्हणायची. पण मी जी आई पाहिली ती भ्यायलेली होती. आणि ती सगळ्यात जास्त कशाला भ्यायची म्हणाल, तर मे महिन्याला.

आई चालवायची ती भिशी. पैशांची नव्हे, जेवणाची. घरदार गावी ठेवून उत्तरेकडून, आंध्रातून लूमवर आलेली माणसं जिथे महिनेवारीने जेवतात, त्या खानावळीला आमच्याकडे भिशी म्हणतात. निजामपुऱ्याच्या एका गल्लीत खाली आमची भिशी आणि वर पत्र्याच्या माळ्यावर आम्ही. बाबा ट्रकवर ड्रायव्हर, कापडाच्या गाठी घेऊन गेले की आठ-आठ, दहा-दहा दिवस परतायचे नाहीत. आई कशेळीकडची, खाडीकाठची. पहाटे चारला तिचे दोन मोठे स्टोव्ह फरफरायला लागायचे. त्या आवाजात मी आणि नितीन झोपून राहायचो, आणि त्या आवाजातच उठायचो. शाळा असली की सगळं जमून जायचं. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत, नितीन बालवाडीत. दुपारची पंगत उठून भांडी घासून होईतो आम्ही परत यायचो. आई म्हणायची, शाळा हाय म्हणून माझी भिशी हाय.

सुट्टी लागली की ही सगळी घडी विस्कटायची. परीक्षेचं वेळापत्रक घेऊन मी घरी आले की गल्लीतल्या बाकीच्या पोरांच्या घरी आनंद, आणि आमची आई तो कागद हातात घेऊन शेवटचा पेपर कधी ते बघत राहायची. लूमला मे महिन्याची सुट्टी नसते. निम्मे कामगार लग्नकार्याला गावी जातात, पण उरलेल्यांना दोन वेळ जेवायला लागतंच. आणि नेमकी त्याच महिन्यात आईच्या हाताखालची बाईही गावी जायची. म्हणजे सगळं काम आईवर, आणि वर आम्ही दोघं दिवसभर मोकळे. दोन सुट्ट्या आम्ही मामाकडे काढल्या. तिसरी सुट्टी पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराची असेल, मी नऊ वर्षांची आणि नितीन चारचा. त्या वर्षी मामीला कावीळ झाली आणि मामाने निरोप धाडला, पोरांना यंदा नको पाठवू.

आईने आधी आम्हाला माळ्यावर ठेवलं आणि बाहेरून कडी लावली. पत्र्याखाली इतकं उकडायचं की आम्ही ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचो. चौथ्या की पाचव्या दिवशी खाली एका स्टोव्हचा भडका उडाला. फळ्यांच्या फटींतून धूर वर आला. मी दार ठोठावत होते, नितीन माझ्या पाठीला चिकटून ओरडत होता, आणि खाली आई गोणपाट ओलं करून आगीवर टाकत होती हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. भडका विझला. आईने वर येऊन कडी काढली तेव्हा तिच्या भुवया जळल्या होत्या. कडीच उपटून काढली तिने, खिळ्यांसकट.

त्यानंतर दार उघडं राहिलं आणि भीती गल्लीत उतरली. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, दारं सताड उघडी, आत पट्टे फिरताहेत, सुताचे टोकदार धोटे सटासट जाताहेत. कधी एखादा धोटा सुटून बाहेर उडायचा. मधूनच गाठी भरायला टेम्पो मागे घेत आत यायचे. आई रोज सकाळी मला समोर उभी करून सांगायची, "रंजे, लूमच्या दारात जायाचं न्हाय. टेम्पोच्या मागं उभं राहायचं न्हाय. याचा हात सोडायचा न्हाय. मुतायला गेलीस तरी संगती ने." मी मान हलवायचे. मला खेळायचं असायचं आणि माझ्या हातात सदा एक घामट, चिकट हात असायचा. खरं सांगते, त्या हाताचा मला राग यायचा.

गल्लीच्या टोकाला गफूरशेठ राहायचे. पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलेच, घरात आमच्यासारखंच मराठी बोलायचे, त्यांचे चार कारखाने होते. त्या आठवड्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि घरी मेंदी चालली होती. सकाळी अकराचा सुमार असेल. मला ती मेंदी बघायचीच होती. नितीन झोपाळला होता, चालायला तयार नव्हता. शेठच्या घराच्या अलीकडे त्यांचा तयार कापड ठेवायचा गाळा, त्याच्या पायरीला सावली होती. मी त्याला तिथे बसवलं, हातात चार गोट्या दिल्या आणि म्हटलं, "हलू नको. मी आलेच." आत बायकांची गर्दी, गाणी चाललेली. कुणीतरी माझा हात ओढून तळव्यावर मेंदीचं मोठं फूल काढलं. ते ओलं फूल मोडू नये म्हणून मी हात उघडा धरून बसले. किती वेळ बसले ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

बाहेर आले तर पायरी रिकामी. गाळ्याचं शटर बंद, त्याला कुलूप. टेम्पो भरून गेला होता. एक गोटी पायरीखाली पडलेली... मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. प्रत्येक कारखान्याच्या दारात उभी राहून हाका मारल्या, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग भिशीत शिरले. स्टोव्हवरून उतरवलेला भाताचा भला मोठा टोप आईच्या पुढ्यात होता, पंगत बसली होती. मी म्हटलं, "आये, नितीन न्हाय." तिने विचारलं, "कुठून गेला?" आणि मी, मेंदीची मूठ पाठीमागे लपवून, म्हटलं, "आपल्याच दारातून." एवढं बोलून मी बाहेर पळाले. शोधायला नव्हे. पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसले आणि फ्रॉकला हात पुसत राहिले. मेंदी निघाली, रंग निघेना.

माझ्या त्या दोन शब्दांनी सगळे भलतीकडे गेले. आमच्या दारासमोरून नाला जायचा. माणसं नाल्यात उतरली. कुणी मानकोलीच्या रस्त्याकडे सायकल हाणली, कुणी मशिदीच्या भोंग्यावरून नाव पुकारायला सांगितलं. टाकीमागे बसून मला ते नाव ऐकू आलं, चार साल का लडका, लाल चड्डी... तेव्हा मला वाटलं, तो मेलाच आहे आणि हे मी केलंय. पळून कुठे जावं याचा मी विचार करत होते. मामाकडे? पण मामाच्या गावाची वाट मला माहीत नव्हती.

आईने मला शोधून काढलं. अनवाणी, पदर खोचलेला, हाताला भाताची शितं चिकटलेली. ती मला मारणार म्हणून मी दोन्ही हात तोंडावर घेतले, आणि तिला तळव्यावरचं ते फूल दिसलं. तिने माझं मनगट धरलं. क्षणभर त्या फुलाकडे बघितलं आणि अगदी हळू, ज्या आवाजात ती देवाशी बोलायची त्या आवाजात म्हणाली, "रंजे. खरं सांग. कुठं सोडलास?"

मी सांगितलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. आई धावते आहे आणि मी तिच्या मुठीत लोंबकळत मागे. गाळ्यासमोर गफूरशेठ, लग्नघरातले पांढरे कपडे. शटरची किल्ली मेहताजींकडे, म्हणजे शेठच्या मुनीमाकडे, आणि मेहताजी टेम्पोबरोबर कल्याणला. शेठ म्हणाले, "अगो, आत कसा असंल? मेहताजी बघूनच बंद करतो." आई म्हणाली, "शेठ, हाक मारून बघते. पर ऐकू कसं येल?" दोन्ही बाजूंना शेकडो लूम चालू. शेठनी एकदा आईकडे बघितलं, एकदा त्या पत्र्याच्या छपराकडे. भर दुपारचं ऊन होतं. त्यांनी त्यांच्या जॉबरला, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्या रामबलीला हाक मारली आणि म्हणाले, "सगले लूम बंद कर. मेन स्विचच खाली घे." चालू लूम असा मध्येच थांबला की कापडात आडवी रेघ उमटते, तो माल मग चांगल्यात जात नाही. रामबलीने एकदाच विचारलं, "सब, शेठ?" शेठ म्हणाले, "सब." आणि स्वतः टोपी सावरत समोरच्या कारखानदारांकडे गेले. तिथे काय बोलले ठाऊक नाही. पण एक कारखाना थांबला, मग दुसरा, मग पलीकडच्या गल्लीतला.

आमच्या गल्लीतल्या पोरांना बोलता येण्याआधी एक गोष्ट कळायची. भरदिवसा लूमचा आवाज थांबला, तर काहीतरी वाईट झालं आहे. आया पोरांना आत ओढतात, दारं लागतात. त्या दिवशी आवाज असा एकेका बाजूने विझत गेला. शेवटी नळाचं पाणी ठिबकतंय तेही ऐकू येऊ लागलं. शंभरेक माणसं उभी होती आणि कुणी खोकतही नव्हतं. रामबली हात वर करून म्हणाला, "चुप. कोई हिलना नहीं." आई शटरपाशी गेली, त्या तापलेल्या लोखंडाला तिने गाल लावला आणि हाक मारली, "नितीन... बाला..."

काही नाही.

पुन्हा हाक. पुन्हा काही नाही. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की चला, नाल्याकडे बघू. पण आई गाल काढेना. मग ती म्हणाली, "हाय. आत हाय." शेठ म्हणाले, "मला तर काय ऐकू न्हाय आला." रामबलीलाही काही ऐकू आलं नव्हतं, हे त्याने पुढे अनेकदा सांगितलं. पण त्याने घण आणला आणि तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं.

आतून भट्टीसारखा झोत आला. नितीन अगदी मागे, कापडाच्या ताग्यांच्या दोन थप्प्यांमधल्या सांदीत पडला होता. सावलीला गारवा वाटला म्हणून आत शिरला असेल, झोपला असेल. ओठ पांढरे, अंग कोरडं आणि तापलेलं. एका हाताची नखं तुटून रक्त आलं होतं. तो जागा झाला होता. आम्ही मेंदी काढत होतो, नाला ढवळत होतो, तेव्हा तो आत ओरडत होता.

डॉक्टरांनी त्याला दोन दिवस सलाईनवर ठेवलं. पहिल्या संध्याकाळी डोळे उघडून त्याने पाणी मागितलं, तेव्हा आई दवाखान्याच्या भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या गालावर शटरच्या पट्टीचा लाल भाजका वण होता, तो तिला तोवर कळलाही नव्हता. भिशीचं काय, हे तिला विचारायचं धाडस मला झालं नाही. दुसऱ्या दिवशी घरी आले तर कामगारांनी स्वतःच स्टोव्ह पेटवला होता. रामबली कणीक मळत होता, दोन तेलुगू कामगार भात करत होते. सगळं करपलेलं, आणि सगळे मुकाट्याने खात होते. तीन दिवस भिशी अशी चालली. मला कुणी एक शब्द बोललं नाही, आईही नाही. माझ्या तळव्यावरचं फूल पंधरा दिवस टिकलं. मी जेवताना तो हात मांडीखाली घेऊन बसायचे.

भिशी बंद करता येणार नव्हती आणि पुढच्या वर्षी सुट्टी येणारच होती. दिवाळीनंतर आई गल्लीतल्या बायकांकडे जाऊ लागली. घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरणारी, पापड लाटणारी, शिवणकाम करणारी, कापडाचे धागे कापणारी... सगळ्यांची पोरं मे महिन्यात अशीच मोकाट. आई म्हणाली, "आपल्यातली एक जण रोज काम बंद ठेवेल आणि सगल्यांची पोरं बघेल. दुसऱ्या दिवशी दुसरी." एकीने विचारलं, आणि माझी त्या दिवसाची कमाई? आई म्हणाली, "माझ्या भिशीत तुझ्या घरचं जेवण." गफूरशेठनी त्यांच्या घराची ओसरी दिली. पहिल्या मे महिन्यात अकरा पोरं होती, पुढे तीसपर्यंत गेली. मी चौदा वर्षांची झाले तेव्हा माझ्याही वाट्याला पोरं बघायचा दिवस आला. त्या दिवशी मी दर पाच मिनिटांनी डोकी मोजत होते, आणि प्रत्येक वेळी एक कमी भरतंय असं वाटून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होते. आईला हे दहा वर्षं होत होतं. ओसरीवर पोरं सुखरूप आहेत हे ठाऊक असूनही ती भिशीतून पळत यायची, दारातून बघायची, परत पळायची. हातातला वाढायचा डाव तसाच.

तिची माझी शेवटची भेट ती जायच्या बारा दिवस आधीची. मी दुपारी गेले होते. ती लसूण सोलत होती, पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती. एकदम म्हणाली, "रंजे, तू त्या दिवशी सांगत आलीस, तवा मी काय केला, ठाव हाय?"

मी म्हटलं, "धावलीस ना."

"न्हाय. मी भात गाळला. पयली पंगत वाढली. मनात म्हटला, असंल इथंच, येल. पंगत वाढून झाली आणि मग निघाले." लसणाची पाकळी तिच्या बोटांत तशीच होती. "तो आत वरडत होता, आणि मी वाढत होते."

मी म्हटलं, "आई, मी तर खोटं बोलले होते."

"ते मना म्हाईत हाय. तू नऊ वर्साची होतीस. मी काय नऊ वर्साची होते?"

मला काहीतरी बोलायला हवं होतं. पण पोरगी जागी होऊन रडायला लागली, एसटीची वेळ झाली होती, आणि मी "पुढच्या वेळी बोलू" म्हणून उठले. हे मला आता रात्रंदिवस खातं.

तेराव्यानंतर नितीनला मी हे सांगितलं. तो आता वायरमनचा कोर्स करतो, एकोणीस वर्षांचा आहे. त्याला त्या दिवसातलं फक्त अंधार आणि नव्या कापडाचा खळीचा वास एवढंच आठवतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, आईने वाढलं तीच माणसं जेवून उठून मला शोधत होती ना?" तो हे आईला म्हणाला असता तर तिने ऐकलं असतं का, ते सांगता येत नाही. माझी मुलगी दीड वर्षाची आहे. घरी शिलाई मशीन आहे, गिऱ्हाइकं आहेत. अजून तीन वर्षांनी तिलाही सुट्टी लागेल, आणि आता आई नाही.

परवा आम्ही भिशीची खोली रिकामी केली. टोप, परात, स्टोव्ह सगळं हातगाडीवर गेलं. खोलीत भिंतींवरची काजळी तेवढी उरली. नितीनने दार ओढलं, कुलूप हातात घेतलं आणि थांबला. आई त्या मे महिन्यापासून कुठलंही दार, अगदी भांड्यांच्या कपाटाचंही, आत हाक मारल्याशिवाय बंद करत नसे. नितीनने दार पुन्हा अर्धं उघडलं. त्या रिकाम्या खोलीत डोकं घालून म्हणाला, "कोण हाय का आत?"

गल्लीत लूम चालू होते. तरी आम्ही दोघं थोडा वेळ थांबलो. मग त्याने कुलूप लावलं.